दोन एचपी, शंभर लिटर: घरच्या वर्कशॉपसाठी कॉम्प्रेसर निवडताना

दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "किती एचपीचा हवा?" आणि पाठोपाठ दुसरा, "टाकी किती लिटरची?" या दोन आकड्यांवरून कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून टाकीत भरणारं यंत्र, ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एचपी मोटरचा, लिटर टाकीचा. आपल्याला हवी असते ती हवा: कामाच्या दाबाला, मिनिटाला किती मिळते ती. हा आकडा आधी काढला आणि मग मोटर, टाकी, वायरिंग, पाइप सगळं त्याच्या मागून ठरत गेलं.

काम छंदाचं. लाकूडकाम मुख्य, अधूनमधून धातूचं फिटिंग, थोडं पॉलिश आणि रंगकाम. तळमजल्यावरची छोटी खोली, सिंगल फेज वीज आणि कोकणातली दमट हवा. यातली शेवटची गोष्ट कॉम्प्रेसरच्या आयुष्यावर सगळ्यात जास्त परिणाम करते.

हवा किती लागते

प्रत्येक हत्याराला लागणारी हवा सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला घनफुटांत दिलेली असते. १ सीएफएम म्हणजे २८.३ लिटर. ब्रॅड नेलर, म्हणजे हवेवर बारीक खिळे मारणारी गन, मिनिटाला दहा खिळे मारत असला तरी अर्ध्या सीएफएमच्या आत भागतो. एअरब्रशलाही तेवढंच पुरतं. टायरमध्ये हवा भरणं हे तर कामच नव्हे. ०.८ मिलिमीटर नोझलची छोटी स्प्रे गन ३ ते ४ सीएफएम घेते, कमी हवेवर चालणारी एलव्हीएलपी गन साधारण ५, आणि जास्त हवा पण कमी दाब वापरणारी एचव्हीएलपी गन १० किंवा त्याहून जास्त. नटबोल्ट खोलणाऱ्या अर्ध्या इंची इम्पॅक्ट रेंचवर ४-५ सीएफएम लिहिलेलं असतं, पण ते थांबत थांबत वापरल्यावरची सरासरी असते. ट्रिगर दाबून धरला की मागणी कितीतरी वाढते. लाकूड घासणारा सहा इंची सँडर १० सीएफएमच्या पुढे जातो, आणि तोही सलग मिनिटं न् मिनिटं.

भुसा फुंकून उडवणाऱ्या ब्लो गनकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. दोन मिलिमीटरच्या भोकातून ६ बार दाबाला (१ बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाएवढा) मिनिटाला जवळपास २०० लिटर हवा जाते, म्हणजे सुमारे ७ सीएफएम. भुसा उडवण्यासाठी ती सतत दाबून ठेवली तर दोन एचपीचा पंप सगळा तिच्यावरच खर्ची पडतो. छोट्या नोझलची ब्लो गन घ्या आणि रेग्युलेटरने, म्हणजे दाब कमी करणाऱ्या नॉबने, दाब २ बारवर आणा. भुसा तेवढ्यानेही उडतो, डोळ्यांत मात्र कमी जातो.

या आकड्यांची बेरीज करायची नाही, कारण एकट्या माणसाच्या हातात एका वेळी एकच हत्यार असतं. सलग चालणारं सगळ्यात खादाड हत्यार धरायचं आणि त्यावर तीस-चाळीस टक्के जास्त घ्यायचं. एलव्हीएलपी गनचे ५ सीएफएम धरले तर ६ बारला प्रत्यक्ष ६.५ ते ७ सीएफएम देणारा पंप पुरतो. सँडर हवेवर चालवायचा म्हटलं तर पाच एचपीपर्यंत जावं लागतं आणि सिंगल फेजवर ते जड जातं. त्यापेक्षा विजेवरचा सँडर घ्यावा. एका हत्यारापायी सगळं मशीन दुप्पट मोठं करणं मला पटत नाही.

पाटीवरचा आकडा आणि घड्याळातला आकडा

कॅटलॉगमध्ये १० सीएफएम लिहिलेला कॉम्प्रेसर १० सीएफएम हवा देतोच असं नाही. बऱ्याच वेळा तो आकडा पिस्टन डिस्प्लेसमेंटचा असतो, म्हणजे पिस्टन वर-खाली होताना सिलिंडरमधली जागा किती व्यापतो त्याचा. हिशेब सोपा आहे. ६५ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ५० मिलिमीटर स्ट्रोकचे (पिस्टन सरकतो ते अंतर) दोन सिलिंडर धरा. एका फेऱ्यात दोघांचे मिळून सुमारे ३३२ घनसेंटिमीटर. पंप ८५० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ८५० फेरे, फिरत असेल तर मिनिटाला २८२ लिटर, म्हणजे बरोबर १० सीएफएम. पण पिस्टनच्या डोक्यावर उरलेली दाबाखालची हवा परत फुगते, व्हॉल्व्ह थोडे गळतात, आत येणारी हवा तापून विरळ होते. एका टप्प्याच्या, म्हणजे हवा एकदाच दाबणाऱ्या, पंपात यातलं ६५ ते ७० टक्केच पदरात पडतं. म्हणजे ७ सीएफएम. याला फ्री एअर डिलिव्हरी म्हणतात. दुकानात "एफएडी किती?" असंच विचारावं. दोन टप्प्यांच्या पंपात (एकात दाबलेली हवा दुसऱ्यात आणखी दाबली जाते) दोन सिलिंडर दिसले तरी फक्त मोठा, पहिल्या टप्प्याचा सिलिंडरच हिशेबात धरायचा. एक एचपीमागे ३.५ ते ४ सीएफएम एफएडी सांगितली तर आकडा खरा. कोणी दोन एचपीत १२ सीएफएम सांगत असेल तर तो डिस्प्लेसमेंट सांगतो आहे.

दुकानात मशीन चालू करून बघण्याचा आग्रह धरा. टाकीचं तोंड बंद करून मशीन चालू करायचं आणि मोबाइलवर वेळ लावायची: ४ बारवरून ७ बारवर काटा जायला किती लागतं? टाकीचे लिटर गुणिले वाढलेले बार, भागिले मिनिटं. १०० लिटरच्या टाकीला दीड मिनिट लागलं तर १०० गुणिले ३ भागिले दीड, म्हणजे मिनिटाला २०० लिटर, ७ सीएफएम. भरताना टाकीतली हवा गरम असते म्हणून उत्तर थोडं फुगून येतं. त्यातून दहा टक्के वजा करा. टाकीवर लिहिलेले लिटरही टेपने तपासा. ३६ सेंटिमीटर व्यास आणि एक मीटर लांबी म्हणजे सुमारे १०० लिटर. ऐंशी लिटरच्या टाकीवर शंभर लिहिलेलं असेल तर घड्याळाचं गणितही चुकतं. स्वतःचा पाव इंची प्रेशर गेज खिशात असेल तर आणखी चांगलं, कारण मशीनवरच्या गेजवर भरवसा ठेवता येत नाही.

तेलाचा की बिनतेलाचा, पट्ट्याचा की थेट

कमी देखभालीचा म्हटलं की बिनतेलाचा कॉम्प्रेसर पुढे केला जातो. तेल बदलायचं नाही, तेल तपासायचं नाही, हे खरं. पण त्यात पिस्टनवरची टेफ्लॉनची रिंग कोरडीच घासत असते आणि तिचं आयुष्य ठरलेलं असतं. ती झिजली की हवा कमी होते, आणि स्वस्त मशीनमध्ये रिंग सुटी मिळत नाही, अख्खं हेड बदलावं लागतं. २८०० आरपीएमवर थेट मोटरला जोडलेले छोटे बिनतेलाचे कॉम्प्रेसर बंद खोलीत कान बसवतात. १४०० आरपीएमचे, दातांच्या दवाखान्यात असतात तसे शांत मशीन मात्र वेगळे. फक्त एअरब्रश आणि नेलर एवढंच काम असेल तर ते खुशाल घ्यावेत. लाकडाचा बारीक भुसा उडणाऱ्या खोलीत सलग रंगकामासाठी मी ते घेणार नाही.

तेलाच्या मशीनमध्येही दोन जाती आहेत. थेट जोडलेला पंप मोटरच्याच वेगाने, मिनिटाला २८०० च्या आसपास फिरतो. पट्ट्याचा पंप १४४० आरपीएमच्या मोटरवर मोठी पुली लावून ८०० ते ९०० वर आणलेला असतो. तेवढ्याच वेळात पिस्टन, रिंग आणि व्हॉल्व्हच्या पट्ट्या एक तृतीयांश वेळा हलतात. शिवाय त्या मोठ्या पुलीचे आरे पंख्यासारखे सिलिंडरवर हवा मारतात. एका टप्प्यात ७-८ बारला हवा दाबली की ती १५० अंश सेल्सिअसच्या वर तापते. ही उष्णता जितकी टिकून राहील तितकं तेल जळून व्हॉल्व्ह प्लेटवर काजळी धरते. टिकाऊपणाचं गणित इथे आहे: हळू फिरणारा, बिडाच्या सिलिंडरचा, पट्ट्याचा पंप. वर्षातून एकदा अर्धा लिटर तेल बदलणं ही त्याची किंमत, आणि ती मला फार वाटत नाही.

सिलिंडर बिडाचा आहे का हे चुंबक लावून कळतं. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला चुंबक चिकटत नाही. त्यात आत बिडाची स्लीव्ह असेल तर हरकत नाही, पण स्लीव्ह आहे असं दुकानदाराने बिलावर लिहून द्यावं.

दोन टप्प्यांचा पंप १० ते १२ बार दाब लागतो तिथे शोभतो. लाकूडकामाच्या हत्यारांना ६ बार पुरतात. एक टप्प्याचा पंप घेऊन प्रेशर स्विचचा कट-आउट, म्हणजे मोटर आपोआप बंद होण्याचा दाब, ७ बारवर आणला की पंप कमी तापतो आणि जास्त टिकतो. स्विचमधला मोठा स्क्रू सुरू आणि बंद होण्याचे दोन्ही दाब एकत्र वर-खाली करतो, छोटा स्क्रू त्यांच्यातलं अंतर. ५ ला सुरू, ७ ला बंद हे ठीक. अंतर एक बारच्या आत आणलं तर मोटर सारखी चालू-बंद होते, आणि सिंगल फेज मोटरचा स्टार्टिंग कपॅसिटर याच कारणाने जातो. स्विच उघडण्याआधी प्लग काढायचा, हे सांगायला नको, तरी सांगतो.

पिस्टनऐवजी दोन फिरत्या स्क्रूंनी हवा दाबणाऱ्या स्क्रू कॉम्प्रेसरचा मोह काहींना होतो, कारण तो शांत असतो. तो तासन् तास चालण्यासाठी बनवलेला आहे. छंदाच्या कामात पाच-दहा मिनिटंच चालला तर तेल पुरेसं तापत नाही, पाणी तेलातच राहतं आणि बेअरिंग गंजतात.

टाकी

टाकी हवा तयार करत नाही, फक्त साठवते. १०० लिटरची टाकी ७ बारवरून ५ वर येईपर्यंत २०० लिटर हवा देते. पंप ७ सीएफएम देतो आणि हत्यार १० घेतं, तर मिनिटाला ८५ लिटरची तूट पडते. म्हणजे सव्वादोन मिनिटांत दाब ५ च्या खाली. ५० लिटरची टाकी असती तर एक मिनिट. दोनशे लिटरच्या टाकीने पंपाची सुरुवात कमी वेळा होते, पण जागा जाते. शंभर लिटर हा घरच्या खोलीचा मध्यम मार्ग.

जुनी टाकी घेणार असाल तर पंप, मोटर सगळं दुरुस्त होतं, टाकी नाही, हे लक्षात ठेवा. ती आतून, तळाला गंजते आणि वरून रंग ताजा दिसतो. ड्रेन उघडून बघा: तांबूस पाणी ठीक, पण गंजाचे पापुद्रे पडले तर सौदा सोडून द्या. दाबाची चाचणी घ्यायची ती पाणी भरून, कामाच्या दाबाच्या दीडपट. हवा भरून कधीच नाही. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी फुटली तरी नुसती चिरते. हवेची टाकी फुटली तर पत्रा उडतो. गळक्या टाकीला वेल्डिंगचं ठिगळ लावून विकणारे भेटतात, त्यांच्याकडून काहीच घेऊ नये.

वीज

दोन एचपीची सिंगल फेज मोटर पूर्ण लोडवर ९-१० अँपिअर घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. त्यासाठी १६ अँपिअरचं वेगळं सॉकेट, सुरुवातीचा झटका सोसणारा सी कर्व्हचा एमसीबी, आणि बोर्डापासून थेट वेगळी वायर: अंतर कमी असेल तर २.५ चौरस मिलिमीटर, पंधरा मीटरच्या पुढे ४. एक्स्टेन्शन बोर्ड लावून कॉम्प्रेसर चालवू नका. लांबी हवी असेल तर हवेचा पाइप लांब करा, विजेची वायर नव्हे.

गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येतं. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे २३० चे १८० झाले की सुरुवातीचा जोर साठ टक्क्यांवर. टाकीत ५ बार असताना मोटर भुणभुणत राहते, फिरत नाही, आणि वाइंडिंग जळतं. ओव्हरलोड रिलेचा, म्हणजे जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा, स्टार्टर लावायचा तो यासाठी. मोटर तांब्याच्या वाइंडिंगची, कपॅसिटर स्टार्ट-कपॅसिटर रन प्रकारची (सुरू होताना एक आणि चालताना एक कपॅसिटर असलेली) घ्यावी. तांब्याची मोटर हाताला जड लागते. दोन मोटरी शेजारी उचलून बघितल्या की फरक कळतो.

पाणी

पावसाळ्यात ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. ती हवा ७ बारला दाबून परत ३० अंशांवर आली की जेमतेम ४ ग्रॅम वाफ धरू शकते. उरलेले २० ग्रॅम पाणी होऊन पडतात. ७ सीएफएमचा पंप तासाला १२ घनमीटर हवा ओढतो, म्हणजे तासाभरात पाव लिटरच्या आसपास पाणी. हे पाणी टाकीत राहिलं तर तळ खातं, पुढे गेलं तर पॉलिशवर फोड येतात.

टाकीखालचा ड्रेन स्क्रू हाताला येत नाही म्हणून तो कोणी उघडत नाही. तो काढून तिथे पाव इंची एल्बो, वीतभर नळी आणि समोरच्या बाजूला बॉल व्हॉल्व्ह बसवणं ही माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोगाची सुधारणा आहे. काम संपलं की थोडा दाब शिल्लक असतानाच तो उघडायचा, म्हणजे पाणी जोरात बाहेर जातं, आणि मग टाकी रिकामी होऊ द्यायची.

फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटून लावला तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. तिथे हवा गरम असते आणि पाणी अजून वाफेच्या रूपात असतं. फिल्टर फक्त थेंब पकडतो. पाच-सहा मीटर धातूचा पाइप जाऊ द्या, हवा थंड होऊ द्या, आणि मग कामाच्या ठिकाणी फिल्टर-रेग्युलेटर बसवा. पाइपला कॉम्प्रेसरपासून दूर जाताना मीटरला एक सेंटिमीटर उतार, शेवटी खाली सोडलेला तुकडा आणि त्याला कॉक. फाटा काढताना मुख्य पाइपच्या वरच्या अंगाने काढून खाली वळवायचा, म्हणजे पाणी फाट्यात उतरत नाही. पाण्याचा पीव्हीसी पाइप हवेसाठी वापरू नका. तो फुटताना चिरत नाही, त्याचे धारदार तुकडे उडतात.

पीयू ट्यूब, म्हणजे हत्यारापर्यंत हवा नेणारी लवचिक प्लास्टिकची नळी, घेताना आतला व्यास बघा. ८ मिलिमीटरची म्हणून मिळणारी ट्यूब आतून ५ च असते, १० ची साडेसहा, १२ ची ८. नेलरला आठची चालते. स्प्रे गनला दहाची तरी हवी, इम्पॅक्ट रेंचला बाराची. अमेरिकेतून आणलेल्या हत्याराला पाव इंची एनपीटी (अमेरिकन मापाचे) आटे असतात, आपल्याकडच्या फिटिंगला बीएसपी (ब्रिटिश मापाचे). एकाला इंचाला १८ आटे, दुसऱ्याला १९. दोन-तीन वेढे बसतात म्हणून टेफ्लॉन गुंडाळून आवळलं तर गळत राहतं, शेवटी आटे तुटतात. पाच-पन्नास रुपयांसाठी हे करू नये, अडॅप्टर आणावा.

बसवणं आणि पहिले तास

पुली भिंतीकडे असते, म्हणून त्या बाजूला किमान एक फूट मोकळं ठेवायचं. पाय काँक्रीटला बोल्टने आवळायचे नाहीत. जमीन जराशी असमान असली तरी ताण पायांच्या वेल्डिंगवर येतो आणि तिथून टाकीला चीर जाते. खाली जाड रबर पॅड पुरेत. पट्टा मध्यावर अंगठ्याने दाबला तर १० ते १२ मिलिमीटर वाकावा. मोटर आणि पंपाच्या पुल्या एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी टेकवून बघा. तिरक्या पट्ट्याची काळी भुकटी खाली पडलेली दिसते.

तेल कॉम्प्रेसरचंच, आयएसओ व्हीजी १०० ग्रेडचं. मोटारसायकलचं इंजिन ऑइल घालू नका. त्यातली डिटर्जंट पाणी आणि काजळी तेलातच धरून ठेवतात आणि गरम व्हॉल्व्हवर थर जमतो. पातळी काचेच्या मध्यावर. पहिल्यांदा ड्रेन उघडा ठेवून अर्धा तास बिनदाबाचं चालवायचं, पहिलं तेल ५० तासांनी बदलायचं, पुढे ३०० तास किंवा एक वर्ष. छंदाच्या कामात तीनशे तास होतच नाहीत, म्हणून कॅलेंडर धरायचं. पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरात बदलणं योग्य. तेल दुधासारखं झालं असेल तर त्यात पाणी आहे, तेव्हा थांबू नये. पावसाळ्यात महिनाभर मशीन बंद राहणार असेल तर आठवड्यातून एकदा वीस मिनिटं, पंप हाताला चांगला गरम लागेपर्यंत चालवावं.

काय बिघडतं

मशीन थांबल्यावरही प्रेशर स्विचपाशी हवा सतत फुसफुसत असेल तर स्विच बदलू नका, टाकीच्या तोंडाशी असलेला एनआरव्ही, म्हणजे हवा परत पंपाकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, टाकी रिकामी करून आणि प्लग काढून मगच खोलून साफ करा. थांबताना एकदाच "फुस्स" आवाज यायला हवा. तो आलाच नाही तर पंपाच्या डोक्यातला दाब सुटलेला नाही आणि पुढच्या वेळी मोटर अडणार.

मोटर भुणभुणते, फिरत नाही: टाकी रिकामी करून बघा. रिकाम्या टाकीवर सुरू झाली तर दोष अनलोडर (थांबताना तो दाब सोडणारा छोटा व्हॉल्व्ह) किंवा एनआरव्हीचा. तरीही अडली तर कपॅसिटर किंवा व्होल्टेज.

पंप चालतो पण दाब चढत नाही: आधी हवेचा फिल्टर झटका. भुशाने तो आठवड्यात बुजतो, आणि बुजलेला फिल्टर क्रँककेसमधलं (पंपाच्या खालच्या पेटीतलं) तेलही वर ओढतो. मग फिल्टर काढून तोंडावर तळहात धरा. हवा आत ओढण्याबरोबरच बाहेरही फुंकत असेल तर सक्शन व्हॉल्व्हची पट्टी तुटली आहे.

ठोके येत असतील तर बेअरिंगला दोष देण्याआधी पुलीचा बोल्ट आणि चावी (पुलीला शाफ्टवर अडकवणारा धातूचा तुकडा) तपासा.

घेताना शेवटची परीक्षा सुट्या भागांची. कोइंबतूर, अहमदाबाद, राजकोट, कुठलाही पंप असो, त्याच्या मॉडेलची व्हॉल्व्ह प्लेट, हेड गॅस्केट आणि रिंग सेट मुंबईत नागदेवीला किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात काउंटरवर मागून बघा. मिळाली तर मशीनबरोबरच एक व्हॉल्व्ह प्लेट, एक गॅस्केट, एक पट्टा आणि एक कपॅसिटर आणून ठेवा.